‘उद्या दुपारी’ म्हणजे नेमकं कधी?

मा. संपादक,



आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप पुन्हा फिरतोय. अफगाणिस्तानात उद्या दुपारी मिशनरी कुटुंबांना ठार मारणार आहेत, तातडीने प्रार्थना करा आणि सगळ्यांना पाठवा, असा. उधन्यात राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो एका दिवसात चार ग्रुपांवरून आला. हा निरोप 2009 च्या सुमारासही फिरत होता. कधी त्यात 22 कुटुंबं असतात, कधी 229 मिशनरी. आकडा बदलतो, पण ‘उद्या दुपार’ मात्र इतकी वर्षं झाली तरी उजाडलेली नाही. यातला खरा धागा जुना आहे. जुलै 2007 मध्ये तालिबानने दक्षिण कोरियाच्या 23 ख्रिस्ती सेवकांना ओलीस धरलं होतं. दोघांना मारलं आणि ऑगस्टअखेरपर्यंत बाकीचे 21 जण सुटले. ते खरं दुःख होतं. आज जे फिरतंय त्याला ना तारीख, ना गाव, ना नाव.

कोणी म्हणेल, भाऊ, प्रार्थनाच तर करायला सांगितलंय, त्यात कोणाचं काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

पहिलं म्हणजे, या निरोपात कोणीतरी क्रूर ठरतं. लिंबायतमध्ये ज्याच्या भिंतीला आपली भिंत लागून आहे त्या मुसलमान शेजाऱ्याबद्दल मनात एक थेंब विष पडतं, आणि तेही न घडलेल्या गोष्टीवरून. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत नववी मोजतात, कॅथलिक बांधवांत आठवी. क्रमांक वेगळा, पण आज्ञा एकच आणि ती शेजाऱ्याबद्दलच आहे. साक्ष फक्त कोर्टात उभं राहून देतात असं नाही. अंगठ्यानेही दिली जाते.

दुसरं कारण त्याहून मोठं आहे. सवय एकच असते. जो हात न तपासता प्रार्थनेचा निरोप पुढे ढकलतो, तोच हात मुलं पळवणाऱ्या टोळीचा निरोपही ढकलतो. त्याचं काय होतं ते आपण खानदेशातल्या लोकांनी जवळून पाहिलंय. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. पोरं पळवणारे आलेत या संशयावरून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जिवे मारलं. साक्री-नवापूरकडची कितीतरी कुटुंबं आज सुरतेत लूमवर आणि मिलमध्ये पोट भरतात. ते मारणारे कोणी परक्या मुलखातले राक्षस नव्हते. आपल्यासारखेच बाजाराला आलेले, मुलाबाळांची काळजी असलेले लोक होते. त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ तर कराचीतला निघाला. मुलांना जपा, असं सांगणारी ती जनजागृतीची फिल्म होती. शेवटचा खुलासा कोणीतरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा खरा गुन्हा म्हणून फिरवला.

यावर लोक म्हणतात, दोष मोबाइलचा. अर्धंच खरं. जुलै 2018 मध्येच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. 7 एप्रिल 2020 ला तर फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, 16 एप्रिलला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर यांना जमावाने ठार मारलं. लॉकडाऊन होता, रात्री चोर फिरतात अशी अफवा त्या भागात पसरली होती. ते तिघे कुठे निघाले होते? आपल्या सुरतेला, एका अंत्यविधीसाठी. कंपनीने दार थोडं लोटून घेतलं, तरी अफवा तोंडातोंडी गेलीच.

सुरतेला हे कोणी शिकवायला नको. सप्टेंबर 1994 मध्ये इथे प्लेग आला तेव्हा देशात मोबाइल सेवा सुरूही झाली नव्हती. तरी काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. पाण्यात विष कालवलंय इथपर्यंत बोललं गेलं. सरकारी हिशेबाने मृत्यू साठच्या आत होते, पण लोकांच्या तोंडी मढ्यांचे ढीग. तेव्हा अफवा जुनीच आहे. मोबाइलने काय बदललं? माझ्या मते दोन गोष्टी. एक, मधला वेळ गेला. पूर्वी सांगणारा समोर असायचा, त्याला विचारता यायचं, ‘तुला कोणी सांगितलं रे?’ आता विचारायच्या आत ती पन्नास घरांत पोचते. दुसरी, निरोप ओळखीच्या नावाने येतो. मामा पाठवतात, संडे स्कूलच्या ताई पाठवतात, कधी खुद्द पाळकसाहेब. आपण निरोपावर नाही, माणसावर विश्वास ठेवतो. म्हणून मंडळीच्या ग्रुपवर खोटं जास्त चालतं. लोक तिथे मूर्ख असतात म्हणून नव्हे, एकमेकांवर विश्वास ठेवतात म्हणून. तो विश्वास चांगलाच आहे, आणि नेमका तोच आपण खर्ची घालतोय.

गडचिंचल्यानंतर दुसरी लाट आली ती आठवा. मारलं कोणी यावर तर्क सुरू झाले. मुसलमानांचं नाव घेतलं गेलं, मिशनऱ्यांचंही घेतलं गेलं. अखेर 22 एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही असं सांगितलं. आपल्यावर खोटा आळ आला तेव्हा तो किती झोंबला! तीच झोंबणी दुसऱ्याला आपल्या हातून होऊ नये, एवढंच म्हणणं.

एक आक्षेप उरतो. ख्रिस्ती लोकांवर खरे हल्ले होत नाहीत का? होतात. डिसेंबर 1998 मध्ये नाताळाच्या दिवसांत आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यात प्रार्थनाघरं जाळली गेली, आणि जानेवारी 1999 मध्ये पंतप्रधान वाजपेयी तिथे गेले. ही गोष्ट देशाने ऐकली, कारण गावांची नावं होती, तारखा होत्या, जाऊन पाहणारे होते. खोट्या हाकाट्या वारंवार मारल्या तर खऱ्या हाकेला कोण धावेल? ज्या समाजाची संख्या थोडी, त्याची खरी ताकद म्हणजे त्याच्या शब्दाची पत.

पोप फ्रान्सिस यांनी 2018 च्या आपल्या संदेशात खोट्या बातमीचं मूळ थेट एदेन बागेतल्या सर्पाशी जोडलं होतं. मला ते पटतं. सर्प सगळंच खोटं बोलला नाही, खऱ्यात खोटं मिसळून बोलला. कोरियन सेवकांची खरी गोष्ट घेऊन ‘उद्या दुपार’ रचणाऱ्यानेही तेच केलं.

मग करायचं काय? फार अवघड नाही. निरोपात तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव नसेल तर तो पुढे पाठवू नये. ‘उद्या’, ‘आज रात्री’, ‘सगळ्यांना पाठवा’ हे शब्द दिसले की थांबावं. ग्रुपवर कोणा वडीलधाऱ्याने चुकीचं टाकलं तर सगळ्यांसमोर त्यांची फजिती करू नये. फोन करून हळूच सांगावं, आणि खुलासा मात्र त्याच ग्रुपवर त्यांनाच टाकू द्यावा. प्रार्थना अवश्य करावी. देवाला फॉरवर्डची गरज नाही, गुडघे टेकले की पुरे.

पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना विनंती, उपासनेनंतरच्या सूचनांत पाच मिनिटं या विषयाला द्यावीत. तरुण संघाच्या मुलांनी आजी-आजोबांच्या शेजारी बसून त्यांचा फोन त्यांच्यासोबत पाहावा. नुसतं हसू नये. आणि वाचकांपैकी कोणी आपल्या भागात असं काही सुरू केलं असेल तर याच पानावर जरूर लिहावं, इतरांना उपयोग होईल.

आपला,
एक मंडळी सभासद,
उधना, सुरत