एकच केबिन, दोघांना दोन भाव: क्रूझचं तिकीट तुमच्याकडे बघून ठरतं का?

खेड तालुक्यातलं निघोजे. महिंद्रा, फोक्सवॅगन अशा मोठ्या गाडी कंपन्यांचे कारखाने याच पट्ट्यात आहेत. इथे कोणत्या कंपनीत पगारवाढीचा करार झाला आणि कुणाला किती बोनस मिळाला, हे लपून राहत नाही. करार झाला की गेटवर गुलाल उडतो, फ्लेक्स लागतात, आकडा पेपरात येतो.

आता समजा, बोनस हातात पडल्यावर इथल्याच एका कंपनीतले दोघं मित्र ठरवतात की यंदा बायकापोरांना घेऊन मुंबईहून क्रूझवर जायचं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसून दोघंही मोबाईलवर शोधायला लागतात. जहाज तेच, तारीख तीच, केबिनही त्याच प्रकारची. पण एकाच्या स्क्रीनवर झळकतं, 'खास तुमच्यासाठी २० टक्के सूट, फक्त आज'. दुसऱ्याला मात्र पूर्ण भाव.

हे दोघं काल्पनिक आहेत, पण त्यांना पडलेला प्रश्न खरा आहे. दोघांत फरक काय, आणि तो फरक मोबाईलला कसा कळला?

भाव बदलणं वेगळं, माणूस बघून बदलणं वेगळं

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भाव वरखाली होणं आपल्याला नवीन नाही. रेल्वेने ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतोला फ्लेक्सी भाडं लावलं. दर १० टक्के जागा भरल्या की मूळ भाडं १० टक्क्यांनी वाढायचं आणि दीडपटीवर थांबायचं. म्हणजे उशिरा येणाऱ्याला जास्त पैसे. पण उशिरा येणारा कुणीही असो, त्याला तेच भाडं.

चाकणमध्ये काम करणाऱ्या आणि दिवाळीला मराठवाडा-विदर्भात गावी जाणाऱ्या कुणालाही विचारा. ट्रॅव्हल्सचं भाडं सणाला कसं चढतं, हे तो तोंडपाठ सांगेल. म्हणूनच राज्य सरकारने २०१८ मध्ये नियम केला की खासगी बसचं भाडं त्याच प्रकारच्या एसटी भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त असता कामा नये. नियम किती पाळला जातो हा वेगळा विषय. पण निदान जास्त भाडं घेतलं हे कळतं, कारण शेजारच्या सीटवाल्यालाही तेवढेच मोजावे लागलेले असतात.

पहिल्या प्रकाराला डायनॅमिक प्रायसिंग म्हणतात. इथे मागणी, तारीख आणि उरलेल्या जागा बघून भाव ठरतो. दुसरा प्रकार पर्सनलाइज्ड प्रायसिंगचा. इथे समोरचा माणूस कोण आहे, तो किती देऊ शकेल, किती घासाघीस करेल, याचा अंदाज बांधून त्याला भाव किंवा सूट दाखवली जाते. खरी गोम या दुसऱ्या प्रकारात आहे.

जहाज कंपन्यांना तुमची माहिती का लागते?

जहाज सुटलं की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. विमानातल्या रिकाम्या सीटचंही तसंच असतं. पण क्रूझचा एक वेगळा हिशोब आहे. जहाजावर चढल्यानंतरही तुम्ही खर्च करत राहता. दारू, स्पा, वायफाय, बंदरावरच्या सहली, फोटो, कॅसिनो अशी ही यादी लांब जाते.

हा पैसा किती मोठा असतो? जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी असलेल्या कार्निव्हलचं २०२३ चं उत्पन्न सुमारे २१.६ अब्ज डॉलर होतं. त्यात तिकिटांचे सुमारे १४.१ अब्ज, आणि उरलेले साडेसात अब्ज मुख्यतः जहाजावरच्या खर्चाचे. म्हणजे प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया तिकिटाबाहेरून आला.

आता कंपनीच्या जागी बसून विचार करा. एक प्रवासी दारूचं पॅकेज घेतो, कॅसिनोत रात्र काढतो. दुसरा चौघांचं कुटुंब घेऊन येतो, तिकिटात असलेलं जेवण जेवतो, डेकवर फोटो काढतो आणि खूश होऊन उतरतो. तिकीट स्वस्त करून कुणाला बोलवायचं? पहिल्याला. तिकिटात सोडलेले पैसे तो जहाजावर परत देणार आहे.

ही नुसती कल्पना नाही. रॉयल कॅरेबियनच्या 'क्लब रॉयाल'सारख्या कॅसिनो योजनांमध्ये आधीच्या सफरीत किती खेळलात यावर पुढच्या सफरीची ऑफर ठरते. भरपूर खेळणाऱ्याला केबिन जवळपास फुकटातही मिळते. हे उघडपणे चालतं, आणि नेहमी जाणाऱ्यांना ते माहीतही असतं.

आपल्याला वाटतं, माझी माहिती कंपनीकडे गेली तर ती माझ्याकडून जास्त पैसे काढेल. क्रूझमध्ये अनेकदा उलटं होतं. खर्चिक माणसाला तिकीट स्वस्त, आणि हिशोबाने चालणाऱ्याला पूर्ण भाव. काटकसर हा आपल्याकडे गुण समजला जातो. कंपनीच्या हिशोबात मात्र तो कमी फायद्याचा गिऱ्हाईक ठरतो.

ही माहिती येते कुठून?

मुख्यतः तीन वाटांनी.

पहिली वाट म्हणजे कंपनीची स्वतःची नोंदवही. आधी कोणत्या केबिनमध्ये होतात, किती दिवस आधी बुकिंग केलं, जहाजावर किती खर्च केला. कार्निव्हलच्याच प्रिन्सेस क्रूझेसने २०१७ मध्ये नाण्याएवढं 'मेडॅलियन' आणलं. ते गळ्यात किंवा मनगटावर घालायचं. त्याने केबिनचं दार उघडतं, बिल भरता येतं आणि जहाजावर तुम्ही जिथे असाल तिथे ऑर्डर पोहोचते. सोय मोठीच. पण कोण कुठे होता आणि काय घेतलं, याचीही नोंद त्यातून होत राहते.

दुसरी वाट म्हणजे वेबसाइट आणि ॲप. तुम्ही किती वेळा तीच तारीख बघितली, पैसे भरायच्या पानावरून परत फिरलात का, फोन कोणता, शहर कोणतं. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये या प्रकारच्या किंमत-यंत्रणांचा प्राथमिक अभ्यास जाहीर केला. माणसाचं ठिकाण, ब्राउझिंगचा इतिहास, पानावर माऊस कसा फिरला, कार्टमध्ये टाकून काय सोडून दिलं, अशी माहितीही वेगवेगळ्या ग्राहकांना वेगळा भाव लावण्यासाठी वापरता येते, असं त्यात नोंदवलं होतं.

तिसरी वाट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. मॉलमध्ये किंवा पेट्रोल पंपावर 'लकी ड्रॉ'चं कुपन भरलेलं आठवतंय? नाव, नंबर, वय, लग्न झालंय का, गाडी कोणती, क्रेडिट कार्ड आहे का. बक्षीस लागो न लागो, नंबर यादीत जातो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरातदाराला आपल्याकडची नंबरांची यादी टाकून त्याच लोकांना, किंवा त्यांच्यासारख्याच इतरांना जाहिरात दाखवता येते. एकाच बसमधल्या दोघांना दोन वेगळ्या ऑफर दिसू शकतात, त्या अशा.

आणि साठवलेली माहिती फुटतेही. २०१९ मध्ये कार्निव्हलच्या कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती हॅक झाली आणि प्रवाशांची खासगी माहिती उघडी पडली. त्या प्रकरणात २०२२ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या ४६ राज्यांशी साडेबारा लाख डॉलरची तडजोड केली. न्यूयॉर्कच्या वित्तीय नियामकाने सायबर सुरक्षेतल्या त्रुटींसाठी ५० लाख डॉलरचा दंड वेगळा लावला.

कंपन्या काय म्हणतात?

त्यांचा युक्तिवाद असा की आम्ही भाव वाढवत नाही, सूट देतो. विद्यार्थ्याला, ज्येष्ठ नागरिकाला सवलत असतेच ना? या बोलण्यात तथ्य आहे. सवलतीमुळे एरवी न जाणाराही प्रवासाला जातो.

फरक एवढाच की ज्येष्ठांची सवलत पाटीवर लिहिलेली असते. आपल्याला ती का मिळाली नाही, हे कळतं. खास तुमच्या नावाने आलेल्या ऑफरचा निकष कुठेच लिहिलेला नसतो. आणि सगळ्यांना वेगवेगळी सूट असेल, तर मूळ भाव म्हणजे नेमका कोणता?

कंपन्याही या विषयावर सावध बोलतात. २००० साली ॲमेझॉनवर एकाच डीव्हीडीला वेगवेगळे भाव दिसले तेव्हा गदारोळ झाला. कंपनीने ही माणूस बघून नव्हे तर सरसकट केलेली चाचणी असल्याचं सांगून पैसे परत केले. २०१२ मध्ये ऑर्बिट्झ ही ट्रॅव्हल साइट मॅक वापरणाऱ्यांना महागडी हॉटेलं वर दाखवत असल्याचं समोर आलं. कंपनीचं म्हणणं होतं की त्याच खोलीचा भाव वेगळा नव्हता, फक्त क्रम वेगळा होता. २०२५ मध्ये डेल्टा एअरलाइन्सने देशांतर्गत भाड्यांत एआयचा वापर ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत नेणार असल्याचं सांगितलं. सिनेटरांनी जाब विचारल्यावर, आम्ही व्यक्तीच्या खासगी माहितीवर भाडं ठरवत नाही, असा खुलासा केला.

भारतात काय परिस्थिती आहे?

क्रूझ आता मुंबईच्या दाराशी आहे. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या सफरी करू लागलं. ३० सप्टेंबर २०२४ ला केंद्राचं 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं. २० सप्टेंबर २०२५ ला बॅलार्ड पिअरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. धंदा वाढणार, तशा 'खास तुमच्यासाठी'च्या ऑफरही वाढणार.

पण एकाच गोष्टीचे दोघांना दोन भाव, हा वाद भारतात गाजला तो जहाजावरून नव्हे, टॅक्सीवरून. एकाच प्रवासाला आयफोनवर वेगळं आणि अँड्रॉइडवर वेगळं भाडं दिसतं, अशा तक्रारी आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबरला नोटीस पाठवली. दोन्ही कंपन्यांनी आरोप फेटाळले. फोन बघून भाडं ठरत नाही, असं त्यांनी सांगितलं.

१ जुलै २०२५ ला केंद्राने ॲप टॅक्सींसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. गर्दीच्या वेळी मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतच भाडं, आणि कमीत कमी निम्मं. म्हणजे किती वाढवायचं याला मर्यादा आली. कुणासाठी वाढवायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

कायदा कुठवर पोहोचलाय?

- ग्राहक संरक्षण कायदा, २०१९: ग्राहकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती कायद्याने मुभा नसताना दुसऱ्याला देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.
- डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वं, ३० नोव्हेंबर २०२३: फसव्या डिझाइनचे १३ प्रकार यात आहेत. 'शेवटच्या दोनच केबिन' अशी खोटी घाई आणि शेवटच्या पानावर वाढत जाणारे छुपे चार्ज, हे दोन्ही त्यात येतात.
- डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३: याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती कशासाठी घेतली हे विचारण्याचा, संमती मागे घेण्याचा आणि माहिती पुसायला लावण्याचा हक्क यात आहे.

यातला एकही नियम कंपनीला थेट असं सांगत नाही की 'हा भाव या ग्राहकाच्या माहितीवरून ठरवलाय, हे त्याला सांगा'. न्यूयॉर्क राज्याने नेमकं हेच केलं. नोव्हेंबर २०२५ पासून तिथे अशा भावाशेजारी सूचना द्यावी लागते की ही किंमत तुमची वैयक्तिक माहिती वापरून अल्गोरिदमने ठरवली आहे. असा भाव लावायला तिथे बंदी नाही, तो लपवायला आहे.

मग बुकिंग करताना काय करायचं?

- दोन फोनवर बघा. स्वतःच्या फोनवर लॉगिन करून, आणि दुसऱ्याच्या फोनवर लॉगिन न करता. त्याच वेळी, तीच तारीख, तीच केबिन. स्क्रीनशॉट काढून ठेवा.
- एजंटलाही फोन करा. त्याच्याकडचा भाव कधी कधी वेगळा असतो.
- शेवटची रक्कम धरा. क्रूझचे भाव बहुतेकदा एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी सांगतात. बंदर शुल्क, कर आणि टिप धरून चौघांचे एकूण किती, तेवढंच विचारा.
- 'फक्त आज'ला घाबरू नका. एक दिवस थांबा. तीच ऑफर दुसऱ्या दिवशीही दिसली, तर घाई कुणाची होती ते कळेल.
- कुपन भरताना हात आखडा. लकी ड्रॉसाठी पगार आणि कार्डाची माहिती कशाला लागते, एवढं विचारा.
- शंका आली तर १९१५ वर फोन करा. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. स्क्रीनशॉट असतील तर तक्रारीला वजन येतं.

चाकणच्या बाजारात भाजी घेताना आपणही घासाघीस करतो, आणि भाजीवालीही माणूस बघून दोन रुपये कमी-जास्त करते. पण तिथे दोघं समोरासमोर असतात. शेजारच्या बाईला कितीला मिळाली, ते आपल्या कानावर पडतं. मोबाईलवर समोरच्याला आपल्याबद्दल बरंच काही माहीत असतं, आणि आपल्याला त्याचा खरा भावही माहीत नसतो.

त्या बसमधल्या दोघांनी म्हणून एकच साधी गोष्ट करावी. बुकिंगचं बटण दाबण्याआधी एकमेकांना आपापली स्क्रीन दाखवावी.