'तूं कोण?' हा प्रश्न

गेल्या महिन्यांत आमच्याकडे एका वाचक भगिनींचें पत्र आलें. नांवगांव छापूं नये अशी त्यांची विनंती आहे. ती नसती तरी आम्हीं तें छापलें नसतें. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपूर्वीं अपघातांत गेला. तेव्हांपासून घरांत कोणी मोठ्यानें बोलत नाहीं. गेल्या आषाढांत यजमानांना कोणीं तरी एका मांत्रिकाचें नांव सांगितलें. हा गृहस्थ अमावास्येच्या रात्रीं हाजरात लावतो. नऊदहा वर्षांच्या एका मुलीच्या आंगठ्याच्या नखावर तेलांत कालविलेलें काजळ चोपडावयाचें, धूप घालावयाचा, आणि मंत्र म्हणत तिला त्या काळ्या चकचकीत नखांत एकटक पाहावयास लावावयाचें, असा त्याचा विधि. पहिल्याच बैठकींत मुलगी म्हणाली, "दादा दिसतो. तो म्हणतो, आई, माझी सायकल कोणाला देऊं नको." आतां मांत्रिक म्हणतो कीं, मुलगा वाटेंत अडकला आहे, आणि त्याला सोडवावयाचा तर दोन सोन्याच्या पाटल्या लागतील. यजमान तयार आहेत. भगिनी विचारतात, "तो खरोखर माझाच मुलगा आहे कीं नाहीं, हें मला कसें कळेल? पाटल्यांचें मला कांहीं नाहीं."

"ही लबाडी आहे, एक पैही देऊं नका," असें एका ओळींत लिहून आम्हांस मोकळें होतां आलें असतें. परंतु त्यांचा प्रश्न पाटल्यांचा नाहीं. तो फार जुना प्रश्न आहे, आणि तो विचारणाऱ्यास वेड्यांत काढण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. कां नाहीं तें पुढें येईलच.

बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायांत एक कथा आहे. भुज्यु लाह्यायनि व त्याचे सोबती मद्र देशांत हिंडत असतां पतंचल काप्य याच्या घरीं उतरले. त्याच्या मुलीच्या आंगांत गंधर्व आला होता. या ब्रह्मचाऱ्यांनीं प्रथम काय विचारलें? आमचें भाग्य काय, धन कोठें पुरलें आहे, असें नव्हे. तूं कोण, हें विचारलें. त्यानें नांव व कुळ सांगितल्यावरच पुढचे प्रश्न केले. त्याच अध्यायांत थोडें पुढें उद्दालक आरुणि याज्ञवल्क्यास बजावतो कीं, मला ठाऊक आहे असें कोणीही म्हणेल, तुला जें ठाऊक आहे तें नीट उलगडून सांग. गंधर्व खरा होता कीं नव्हता, या वादांत आम्ही शिरत नाहीं. पण आंगांत आलेल्यापुढें नुसते हात न जोडतां त्याची ओळख विचारण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे, तें यावरून दिसतें.

दुसऱ्या बाजूस कौटिल्य पाहा. श्यामशास्त्री यांनीं म्हैसुरास अर्थशास्त्र छापलें तें १९०९ सालीं. त्यांत रिकामा खजिना भरण्याचे जे उपाय सांगितले आहेत त्यांतला एक असा: झाडावर राक्षस असल्याचें सोंग आपल्याच हेरांकडून उभें करावयाचें, लोकांना भेदरवावयाचें, आणि मग सिद्धाच्या वेषांतल्या दुसऱ्या हेरांनीं सोनें घेऊन त्या राक्षसाचा बंदोबस्त करावयाचा! मुलगा अडकला आहे म्हणणारा आणि सोडवितों म्हणणारा एकच असला कीं आम्हांस हें प्रकरण आठवतें.

परंतु सगळे लबाड असते तर प्रश्न सोपा झाला असता. अडचण प्रामाणिक माणसांची आहे; आणि त्यांतली सर्वांत शिकण्यासारखी हकीकत आम्हांस इंग्लंडांतल्या जॉन डी यांची वाटते. यांचा जन्म १५२७ चा. गणिती असे कीं, युक्लिडच्या पहिल्या इंग्रजी भाषांतरास १५७० सालीं यांचीच प्रस्तावना. एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचा दिवस यांनींच काढून दिलेला. टेम्स नदीकांठीं मोर्टलेक येथें यांचा जो ग्रंथसंग्रह होता, तेवढा त्या काळीं इंग्लंडांत क्वचितच कोणाकडे असेल. मनुष्यांच्या पुस्तकांतून मिळावयाचें तें सर्व मिळवून झालें, आतां देवदूतांकडूनच विद्या घ्यावी, अशी त्यांना तळमळ लागली. मात्र स्फटिकांत पाहिलें तरी त्यांना स्वतःला कांहीं दिसत नसे. म्हणून पाहणारा हवा होता. १५८२ च्या मार्च महिन्यांत तो दारीं आला: एडवर्ड केली, वय सुमारें सव्वीस, आणि पहिल्या भेटींत सांगितलेलें नांवसुद्धां खोटें.

पुढें सात वर्षें या जोडीनें बैठका केल्या. विशेष लांकडाचें मेज, त्यावर देवनामें कोरलेली मेणाची मुद्रा, तांबडें रेशमी वस्त्र, आधीं प्रार्थना. मग केली स्फटिकांत पाहून बोले आणि डी अक्षर न् अक्षर उतरून घेत. त्या मेणाच्या मुद्रा आज ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत, आणि डी यांच्या टिपणांतला बराच भाग १६५९ सालीं मेरिक कासोबों यांनीं छापला; म्हणून आपल्याला हें सर्व जवळून पाहतां येतें. डी भोळे नव्हते. ईश्वराचें नांव घालून ते आलेल्याची परीक्षा घेत, तूं देवदूत कीं दुष्ट आत्मा हें विचारीत. त्या आत्म्यांनीं एक नवी भाषाही दिली. विसाव्या शतकांत डोनाल्ड लेकॉक या ऑस्ट्रेलियन भाषापंडितानें ती तपासली, तेव्हां शब्द अपरिचित खरे, पण वाक्याची घडण बरीचशी इंग्रजी, असें आढळलें. स्वर्गांतली बोली इंग्रजी वळणाची निघावी याचें आम्हां संस्कृताच्या मास्तरांस थोडें वाईट वाटतें.

१५८४ सालीं क्राकोस असतांना एक प्रसंग घडला. आत्म्यांनीं पृथ्वीवरील देशांची एक यादी दिली होती. कांहीं दिवसांनीं खुद्द केलीच अग्रिप्पा याचें पुस्तक घेऊन आला व म्हणाला, पाहा, तीं नांवें या पुस्तकांत आहेत. हे आत्मे ठक आहेत. पाहणाराच सांगतो आहे कीं दिसणारा खोटा आहे! डी यांनीं काय करावें? त्यांना आनंद झाला. देवदूतांचें बोलणें ग्रंथाशीं जुळतें, म्हणजे तें खरेंच, असें त्यांनीं मानलें. नांवें जुळलीं नसतीं तर तें मानवी ग्रंथांपलीकडलें ज्ञान ठरलें असतें, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

शेवट असा झाला. १५८७ च्या एप्रिलांत, बोहेमियांतील त्रेबोन गांवीं, आत्म्यांची आज्ञा आली कीं दोघांनीं आपल्या स्त्रियाही सामाईक समजाव्या. डी हादरले. तरी सात महिने नव्हे, सात दिवस नव्हे, थोड्याच वेळांत त्यांनीं स्वतःची समजूत घातली आणि पत्नीस ती आज्ञा सांगितली. ती पाव तास रडत व थरथरत होती, हें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. मे महिन्यांत चौघांच्या सह्यांचा करारही झाला. त्या बाईचें रडणें डी यांनीं टिपून ठेविलें, पण पुरावा म्हणून मोजलें नाहीं. एवढ्या मोठ्या तर्कशास्त्र्यानें आत्म्यांची परीक्षा शेंकडों वेळां घेतली. केलीची फारशी घेतली नाहीं, आणि आपल्या स्वतःच्या इच्छेची एकदांही घेतली नाहीं. दोन वर्षांनीं ते केलीवांचून इंग्लंडास परतले, तों ग्रंथालय लुटलें गेलें होतें. अखेरचीं वर्षें पुस्तकें विकून काढावीं लागलीं.

केली निव्वळ भामटा होता असेंही आम्हांस वाटत नाहीं. तो स्वतः भीत असे, हें सोडूं या म्हणून भांडत असे. चकचकीत पृष्ठभागाकडे मंद उजेडांत टक लावली तर चेहरे दिसूं लागतात. इटलींतील जोव्हान्नी कापुटो यांनीं आरशांत पाहणाऱ्यांवर प्रयोग करून २०१० सालीं हें प्रसिद्ध केलें. धडधाकट माणसांना आपल्याच तोंडाच्या जागीं परक्यांचीं, मेलेल्या वडीलधाऱ्यांचीं तोंडें दिसलीं. तेव्हां नखांत पाहणारी ती मुलगी खोटें बोलते असें आमच्या भगिनींनीं समजूं नये. तिला कांहीं तरी दिसत असेल. तिच्यावर रागावूं नये, उलट तिच्याकडे कोणी तरी लक्ष द्यावें.

आतां आमची स्वतःची गोष्ट.

आमचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षीं नदींत बुडाला. त्यानंतर शेजारच्यांनीं आईला प्लँचेट शिकविलें. पाटावर खडूनें मुळाक्षरें काढावयाचीं, मध्यें वाटी उपडी घालावयाची, तिघांनीं तिच्यावर एकेक बोट टेकवावयाचें. दर गुरुवारीं वाटी फिरूं लागली. आम्ही तेव्हां नुकतेच शिक्षक झालों होतों. आम्हीं ठरविलें, परीक्षा घ्यावी. भावानें व आम्हीं एका मास्तरांना ठेवलेलें टोपणनांव घरांत दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतें. तें विचारलें. वाटी सरळ 'दीर्घ ऋ' या अक्षरावर गेली! आम्ही हुंदके देऊन रडलों. आईनें आमचें डोकें मांडीवर घेतलें.

चार दिवसांनीं ध्यानांत आलें कीं तिसरें बोट आमचें होतें. मेज फिरविणाऱ्या मंडळींचे हात नकळत मेजाला ढकलतात, हें मायकेल फॅरडे यांनीं साधें यंत्र करून १८५३ सालींच दाखवून दिलें होतें. तें आम्हीं वर्गांत सांगितलेलेंही होतें. तेव्हां पुढल्या गुरुवारीं आम्हीं बोट काढून घेतलें आणि असें विचारलें कीं ज्याचें उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हतें. भावाच्या ट्रंकेंत कुलूपबंद पत्र्याची डबी होती. ती उघडूं द्यावयास आई तयार नव्हती. डबींत काय आहे? वाटी फिरली: 'आईला पत्र.'

त्या रात्रीं आम्हीं कुलूप उघडलें. आंत सिनेमाच्या तिकिटांचे तुकडे, गारगोट्या आणि नापास झालेली एक गुणपत्रिका. पत्र नव्हतें.

सकाळीं आईनें विचारलें, "उघडलीस का रे?" आम्हीं म्हणालों, "कुलूप गंजलें आहे, उघडत नाहीं." त्यानंतर आई अकरा वर्षें जगली. पत्र आहे म्हणून जगली, असें म्हणणें सोपें आहे. पण तिनें दर गुरुवारीं वाटी फिरविणें सोडलें नाहीं, इतर मुलांच्या लग्नांतही तिचें पुरतें मन लागलें नाहीं, हेंही खरें. तिच्या दहाव्याच्या दिवशीं घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मामा म्हणाले, कांहीं राहिलें असेल तर बोल. आम्हीं मनांत म्हणालों, आई, डबींत पत्र नव्हतें. कावळा आला. त्याच वेळीं शेजारच्या पिंडावर दोन दांडग्या कावळ्यांचें भांडण जुंपून हा एक इकडे ढकलला गेला होता, हें आम्हीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. आणि तरी हात जोडले.

म्हणून, भगिनी, आम्ही आपणांस हंसत नाहीं. मरणापलीकडे कांहीं नाहीं असेंही आम्ही म्हणत नाहीं. दर वर्षीं श्राद्ध करतों. पण श्राद्धांत आपण देतों, उत्तर मागत नाहीं. आपणांस उत्तर हवें आहे, तेव्हां तें असें मागावें. सायकलीची गोष्ट सोडून द्यावी. सोळा वर्षांच्या मुलाची सायकल असते हें कोणीही जाणेल, आणि ती दारांत उभी असेल तर सारी आळी जाणेल. ज्याचें उत्तर आपण, यजमान वा त्या खोलींतला कोणीही जाणत नाहीं, पण मागाहून पडताळून पाहतां येईल, असा एकच प्रश्न आधीं कागदावर लिहावा: त्याच्या मित्राजवळ राहिलेली एखादी वस्तु, शाळेंतल्या बाकावर कोरलेलें कांहीं. तो मित्र त्या दिवशीं तेथें नसावा. बैठकींत आपण हूं कीं चूं करूं नये, डोळ्यांत पाणी येऊं लागलें तर बाहेर जावें, कारण मांत्रिक नखाकडे पाहत नाहीं, आपल्या तोंडाकडे पाहतो. आणि उत्तर चुकलें तर काय करावयाचें हें यजमानांशीं आदल्या दिवशींच ठरवून ठेवावें. चुकल्यावर "आज ग्रह नीट नाहींत" असें कोणीं म्हटलें तर डी यांचें अग्रिप्पाचें पुस्तक आठवावें.

पाटल्या तोंवर देऊं नयेत. अशा मागणीविरुद्ध आपल्या राज्यांत २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, व पोलिसांकडे तक्रार करतां येते. तें पाऊल उचलावयाचें कीं नाहीं हें आपण उभयतांनीं ठरवावें.

ती डबी अजून आमच्या कपाटांत आहे. आपण काय प्रश्न विचारलात व काय उत्तर आलें, तें कळवावें. तें पत्र आम्ही छापणार नाहीं.