घरातला ट्रक: छंद, रंगाचा वास आणि बटण सेल

आपल्या आपटा-रसायनी भागात ट्रकची ओळख करून द्यायची गरज नाही. इकडे मुंबई-गोवा महामार्ग, तिकडे रसायनीचे कारखाने, पलीकडे जेएनपीटीकडे जाणारे कंटेनर आणि कळंबोलीचा लोखंड बाजार. कितीतरी घरांत कोणी ना कोणी गाडीवर आहे किंवा होता. त्यामुळे निवृत्तीनंतर कोणी घरात बसून ट्रकचे मोठे मॉडेल बनवायला लागले, तर मला नवल वाटत नाही. नवल वाटते ते घरच्यांच्या प्रश्नाचे: "डॉक्टर, ह्या वयात हे खेळणे बरे का?"

माझे मत स्पष्ट आहे. हा पोरखेळ नाही. पण हे औषधही नाही.

आधी औषधाचे बघू, कारण "छंद ठेवा, स्मृतिभ्रंश टाळा" असे मेसेज तुम्हालाही येत असतील. २०२३ साली 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात १६ देशांतल्या ६५ वर्षांवरील सुमारे ९३ हजार लोकांचा अभ्यास आला. छंद असणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त दिसले. चांगली गोष्ट आहे. पण त्यात भारत नव्हता, आणि असा अभ्यास 'सोबत दिसते' एवढेच सांगतो, 'त्यामुळे होते' असे ठामपणे सांगत नाही. तेव्हा मॉडेल सुरू केले म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. (हसू नका, असे करणारे असतात.)

मला या छंदाचा वेगळाच फायदा दिसतो. तो तुमच्या हातांची आणि डोळ्यांची रोज परीक्षा घेतो. आरशाचा चिमुकला तुकडा बसवताना हात थरथरू लागला, तर ते जेवताना लक्षात येण्याच्या कितीतरी आधी इथे कळते. कारण साधे असू शकते: जास्त चहा, दम्याचा पंप, थायरॉइड वाढलेले. काम करताना येणारी थरथर आणि हात मांडीवर निवांत असताना येणारी थरथर या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारात पार्किन्सनचा विचार करावा लागतो, म्हणून कोणती थरथर ते नीट बघून सांगा. स्क्रू बोटांतून निसटतो, रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, असे असेल तर मनगटातली नस दबली आहे का, साखर आणि बी-१२ किती आहे, हे बघायला हवे.

चष्म्याचेही तसेच. जवळचा नंबर साधारणपणे वाचनाच्या अंतराला, म्हणजे सुमारे ४० सेंटीमीटरला, धरून काढतात. मॉडेलवाला मात्र २५ सेंटीमीटरवर नाक खुपसून बसतो आणि मग मान दुखते म्हणून माझ्याकडे येतो. चष्मा करताना कामाचे अंतर पट्टीने मोजून सांगा. निम्म्या मानदुखीला मलम लागणार नाही.

आता धोक्याकडे येतो. या कामात 'मोठे' म्हणजे किती? तयार किटमध्ये १:२४ आणि रिमोटवर चालणाऱ्या ट्रकमध्ये १:१४ ही प्रमाणे प्रचलित आहेत. चाळीस फुटी कंटेनर पहिल्या मापात जवळपास ५१ सेंटीमीटर होतो, दुसऱ्यात ८७. म्हणजे आख्खे टेबल अडते, तेही काही महिने. दोन खोल्यांच्या घरात हे टेबल झोपायच्या खोलीतच असते, आणि डिंक, थिनर, रंग उशापाशी.

किटचे प्लास्टिक पॉलीस्टायरीन असते, थर्माकोलचाच सख्खा भाऊ. त्याचा सिमेंट चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. जे द्रावण प्लास्टिक विरघळवते त्याची वाफ श्वासातून रक्तात जाते. डोके जड होणे, मळमळ, चक्कर हे त्याचे पहिले निरोप. "आता वास येत नाही" यावर विसंबू नका, नाक थोड्या वेळात सरावते आणि वाफ तिथेच असते. एन-९५ मास्क फवाऱ्याचे कण अडवतो, वाफ नाही. त्यासाठी कोळशाची फिल्टर असलेला मास्क लागतो. आणि आपल्याकडे गोची पावसाळ्यात होते: दमट हवेत रंगावर पांढरट धुरकटपणा येतो म्हणून लोक खिडक्या गच्च लावून फवारतात. माझा सल्ला, जून ते सप्टेंबर फवारा बंद. तेव्हा घासणे, जोडणे, चाके बसवणे उरका. घासतानाही पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे धूळ उडत नाही. घरात दम्याचा रुग्ण किंवा गरोदर बाई असेल तर रंगकाम घरात नकोच.

परदेशी किट महाग, म्हणून आपले बरेच लोक सनबोर्डातून टाटा आणि लेलँड उभे करतात. मला हेच जास्त आवडते. पाठीमागे 'हॉर्न ओके प्लीज'सुद्धा लिहिता येते, जे खऱ्या ट्रकवर महाराष्ट्रात २०१५ पासून चालत नाही. पण लक्षात ठेवा, ज्याला आपण सनबोर्ड म्हणतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो. तो तापलेल्या तारेने कापू नका. जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो घसा आणि फुप्फुसे जाळतो. थर्माकोल कापायची तार गणपतीच्या मखरातून उरलेली असते, ती हाताशी असते, आणि मोह होतो. पाते वापरा.

पाते म्हटले की बोट आलेच. पाते टेबलावरून घरंगळले तर पकडायला जाऊ नका, पडू द्या. कापलेच तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटे दाबा, दर मिनिटाला उघडून बघू नका. मग बोटाचे प्रत्येक सांधे वाकवून बघा आणि टोकाला स्पर्श कळतो का ते तपासा. वाकत नसेल किंवा बधिर असेल तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फेव्हिक्विकने बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणपाण्यात बुडवून हळूहळू सोडवा. कापसाने पुसू नका, कापसाशी त्याची क्रिया होऊन भाजण्याइतकी उष्णता निघते. डोळ्यात गेले तर पापण्या ओढू नका. कोमट पाण्याने धुवा आणि नेत्रतज्ज्ञ.

हे सगळे निभावते. मला खरी भीती वाटते ती ट्रक पूर्ण होऊन शोकेसमध्ये गेल्यावर. त्याचे हेडलाइट लागावेत म्हणून आत सीआर-२०३२ सारखा बटण सेल असतो, २० मिलिमीटरचा. सुट्टीत नातवंडे येतात, ट्रक हातात घेतात, झाकण निघते. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला की ओल्या त्वचेतून वीज वाहते, तिथे दाहक क्षार तयार होतो आणि दोन तासांत खोल भाजते. दिवा लागत नाही म्हणून काढून ठेवलेला सेलही हे करू शकतो. मूल अचानक लाळ गाळू लागले, खाईना, खोकू लागले आणि घरातला सेल दिसत नसेल, तर 'शौचातून पडेल' म्हणून थांबू नका. उलटी करवू नका. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळू शकत असेल आणि सेल गिळून बारा तास झाले नसतील, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवू नका. एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेले मोठे रुग्णालय गाठायचे, माझा दवाखाना नाही.

म्हणून बटण सेलऐवजी बाहेरून वायरने वीज द्या, नाहीतर सेलचे झाकण स्क्रूनेच बंद होईल असे करा. रिमोटच्या ट्रकची लिथियम बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नका, आणि फुगलेली बॅटरी वापरू नका.

आणि वासाने, रंगाने त्रास झाला म्हणून माझ्याकडे येणार असाल तर डब्याचा किंवा बाटलीचा फोटो काढून आणा. "निळ्या झाकणाचा डिंक" यावरून मला काही कळत नाही.