मतदानाचा भार सरकारी शाळेवरच का?

मतदान हा श्रमिक जनतेने झगडून मिळविलेला हक्क आहे. मतदान केंद्र तिच्या वस्तीतच असले पाहिजे. परंतु या सोयीची किंमत कोण मोजतो? २० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी ऐन शालेय सत्रात, एक लाखाहून अधिक केंद्रांवर मतदान झाले. केंद्रांसाठी प्रथम ताबा घेतला जातो तो सरकारी शाळांचा, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांनाही निवडणुकीच्या कामास जुंपण्याची मुभा देते.

मतदान पथके आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब कामगाराला भरपगारी सुट्टी देते, ती मात्र केवळ मतदानाच्या दिवसाची. आदल्या दिवशी शाळा बंद, कारखाना चालू! मजूर मातेने मूल कोठे ठेवावे? शाळेतील माध्यान्ह भोजनही त्या दिवशी बुडते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे : सरकारी कार्यालये व सभागृहे प्रथम ताब्यात घ्या, जेथे शाळेवाचून गत्यंतर नाही, तेथे पालकांना आदल्या दिवशीही भरपगारी सुट्टी आणि मुलांना भोजन द्या. निवडणुकीचा खर्च श्रमिकांच्या मुलांच्या ताटातून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही!