ओघळ पुसू नका, ओघळाचं मूळ शोधा



या आठवड्याच्या व्हिडिओत फायबर बोटीच्या बाजूवर पडणारे काळे ओघळ कसे काढायचे ते दाखवलं. पण कॅमेऱ्यासमोर एक गोष्ट सांगायची राहिली, खरं तर सांगायला जीभ रेटली नाही. ती इथे लिहितो.

चार वर्षांपूर्वी माझं दुकान नवीन होतं. तारकर्लीकडे पर्यटकांना फिरवणारे एक काका आले. म्हणाले, "बोटीवर काळे पट्टे पडलेत, एकदम कडक काहीतरी दे." मी संडास-बाथरूमसाठी विकतो ते अ‍ॅसिड आणि तारेची घासणी दिली. संध्याकाळी काकांचा फोन, बोट पांढरीशुभ्र! मी खूश. बीबीएत शिकलो होतो ना, समाधानी ग्राहक म्हणजे फुकटची जाहिरात.

दोन महिन्यांनी काका परत आले. ओरडले नाहीत. हात धरून मला बोटीपाशी घेऊन गेले आणि एवढंच म्हणाले, "आधी पावसान काळी होय, आता नुसत्या दवान पण होता."

तिथे मला माझा धंदा कळला. माझं मत स्पष्ट आहे: ज्याला बोट सफाईचा व्यवसाय करायचाय, त्याने चकाकी विकू नये. ओघळ पुन्हा पडणार नाही ही व्यवस्था विकावी.

नक्की होतं काय?

फायबर बोटीला वरून जेलकोटचा गुळगुळीत थर असतो, साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हाने तो हळूहळू खडूसारखा होतो. हात फिरवला की बोटांना पांढरी पूड लागते. अशा खरखरीत थरात मळ रुतून बसतो. अ‍ॅसिडने आणि तारेच्या घासणीने मी काकांच्या बोटीचा उरलासुरला गुळगुळीतपणाही घालवला होता. वर स्टीलच्या फिटिंगवर गंज चढला तो वेगळाच.

आता मळ येतो कुठून? बाजूवर दिसतो म्हणून आपण बाजू घासतो. पण तो असतो डेकवर! वाळू, धूळ, पक्ष्यांची शिट, इंजिनाची काजळी, पर्यटकांचं सनस्क्रीन. रात्री दव पडतं, ते थोडंसं पाणी हा मळ घेऊन सावकाश खाली उतरतं आणि बाजूवर सुकतं. जोरदार पाऊस निदान धुऊन तरी नेतो, दव मात्र मळ आणून ठेवतं.

आधी रंग बघा

काळा ओघळ म्हणजे डेकवरचा मळ. तांबूस ओघळ म्हणजे गंज, वर कुठेतरी हलका स्क्रू बसवलाय. तो बदलून ३१६ ग्रेडचा स्टेनलेस लावा, मग डाग काढा. त्यासाठी ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेला क्लीनर चालतो, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच. मागच्या बाजूला एक्झॉस्टपाशी काजळी फार असेल तर मालकाला इंजिन दाखवायला सांगा. हे सांगायचे पैसे मिळत नाहीत, पण विश्वास मिळतो.

काम कसं करायचं?

पहिलं, एक मग पाणी डेकवर ओता आणि ते कुठून खाली येतं ते बघा. बहुतेक वेळा दोन-चारच जागा निघतात: निचऱ्याचं भोक, रबरी पट्टीचं टोक, दोर बांधायच्या खुंटीचा पाया. भोकाखाली छोटी प्लॅस्टिकची चोच बसवली की पाणी बाजूला न चिकटता थेट खाली पडतं. घराच्या पागोळ्यांचंच तत्त्व.

दुसरं, डेक आधी धुवा, मग बाजू. गोडं पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. बाजूला साबण खालून वर लावत जा, म्हणजे कोरड्या मळावर साबणाचे नवे ओघळ उठत नाहीत. धुताना मात्र वरून खाली. शक्यतो बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना आणि कमीत कमी साबणात करा. त्याच खाडीवर आपलं पोट आहे.

तिसरं, जेलकोट खडूसारखा झाला असेल तर रबिंग कंपाउंड, आणि त्यावर मरीन वॅक्स. खरं काम वॅक्सच करतं, मळाला धरायला जागाच ठेवत नाही. आपल्याकडच्या उन्हात मी दर तीन महिन्यांनी थर द्यायला सांगतो. पण लक्षात ठेवा, माणसं चालतात त्या डेकवर वॅक्स कधीही लावायचं नाही. कोणी घसरून पडलं तर धंदा तिथेच संपला.

आता धंद्याचं गणित

एकदाच्या सफाईत तुम्ही दरावर भांडत बसता. कारण घासणी कोणाच्याही हातात देता येते. त्याऐवजी हंगामाचा करार करा. ऑक्टोबर ते मे महिन्यातून एक फेरी, दर तिसऱ्या फेरीला वॅक्स, आणि पावसाळ्यात बोट वर ओढण्याआधी पूर्ण सफाई. पहिली फेरी जड जाते, पुढच्या हलक्या होतात. तुमचा नफा त्या हलक्या फेऱ्यांत आहे. दर ठरवताना माणसांचे तास, सामान, जायचा-यायचा खर्च आणि तुमची स्वतःची मजुरी धरा. स्वतःची मजुरी आपण हमखास विसरतो!

काही जण म्हणतील, "बोट पाण्यातच असते, डाग पडणारच." मासेमारीच्या बोटीबाबत मला हे मान्य आहे. तिथे ओघळामुळे मासळीचा भाव पडत नाही, त्यांना उगाच काही विकू नका. लाकडी होडीला रंग असतो, तिला कंपाउंड लावूच नका. पण पर्यटकांच्या बोटीचं तसं नाही. जेट्टीवर उभ्या कुटुंबाला आधी बोटीची बाजूच दिसते. बाजू कळकट असेल तर लाइफ जॅकेट तरी नीट असतील का, ही शंका येतेच.

त्या काकांची बोट मी स्वखर्चाने कंपाउंड आणि वॅक्स करून दिली. दोन दिवस दुकान बंद होतं. वडील चिडले होते. पण आज करारावरच्या माझ्या बहुतेक बोटी काकांच्याच ओळखीने आल्या आहेत.

या आठवड्याचा गृहपाठ: सकाळी दव असताना जवळच्या जेट्टीवर जा. पाच बोटी बघा. प्रत्येक ओघळ कुठे सुरू होतो ते वहीत लिहा. मालकाला काही विकू नका, फक्त ती जागा दाखवा.

पहिला ग्राहक तिथेच भेटेल. करून बघा!