पडदा कोणता घ्यावा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चांगले चालणारे जुने संगणक भंगारात काढण्याची भाषा सुरू झाली. त्यांत लिनक्स घालावे, असे माझे मत आहे. मात्र तेथे पडद्यावरचा थाट, म्हणजे खिडक्या, पट्ट्या, याद्या, आपणच निवडायचा असतो आणि विद्यार्थी चकाकीला भुलतात.

१९९६ साली केडीई निघाले. ज्या क्यूटीवर ते उभे होते तिचा परवाना तेव्हा पूर्ण मुक्त नव्हता. म्हणून १९९७ मध्ये ग्नोमची वेगळी चूल मांडली गेली. (तत्त्वासाठी भांडणे असावीत तर अशी!) दोन्ही देखणी, पण दोन जीबी मेमरीच्या यंत्राला एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीच झेपते. म्हाताऱ्या बैलावर नवी गाडी कशाला लादावी?

सेमाडोहसारख्या गावी नेटच्या भरवशावर हे काम करू नये. डेबियनच्या लाइव्ह प्रती पडद्यागणिक वेगळ्या मिळतात. परतवाड्याहून ती पेनड्राइव्हवर आणावी, स्थापनेआधी चालवून आवाज व मराठी कळफलक तपासावा. पुढे मन बदलले तर दुसरा पडदाही घालता येतो. लॉगिनच्या वेळी हवा तो निवडावा, फायली जागच्या जागी राहतात.

माझ्या लेखी खरा लाभ निराळाच. या पडद्यांवरचे शब्द साध्या मजकूर-फायलींत असतात. कोणीही त्यांचे भाषांतर करू शकतो. मेळघाटातली कोरकू देवनागरीत लिहिता येते. कोरकू आणि मराठी दोन्ही जाणणारी मुले आपल्याच वर्गांत बसतात. ‘फाइल’, ‘उघडा’, ‘जतन करा’ यांना कोरकूत काय म्हणावे, हे काम मराठी विभागाने त्यांच्याकडे का सोपवू नये?