माद्रिदच्या ‘स्वातंत्र्या’ची किंमत

प्रांतिक निवडणुकीने देशाच्या राजकारणाची भाषा बदलावी, असे क्वचितच घडते. स्पेनमध्ये ४ मे २०२१ रोजी ते घडले. करोनाच्या साथीत बार व उपाहारगृहे सुरू ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्या इसाबेल दियाझ अयुसो यांनी ‘स्वातंत्र्य’ या एका शब्दावर माद्रिद प्रांताची निवडणूक लढविली आणि १३६ पैकी ६५ जागा मिळविल्या. २०१९ मध्ये त्यांच्या पॉप्युलर पार्टीला अवघ्या ३० जागा होत्या. तिन्ही डाव्या पक्षांची बेरीज या वेळी ५८ वर थांबली. उपपंतप्रधानपद सोडून त्यांच्याविरुद्ध उतरलेल्या पाब्लो इग्लेसियास यांनी त्याच रात्री राजकारण सोडल्याचे जाहीर केले.

१९७८ मध्ये माद्रिद शहरात जन्मलेल्या अयुसो पत्रकारितेच्या पदवीधर. माद्रिदच्या तत्कालीन प्रांताध्यक्षा एस्पेरान्झा अगिरे यांच्या काळात त्या पक्षाच्या इंटरनेटवरील प्रचाराचे काम पाहत. २०१९ मध्ये पक्षाध्यक्ष पाब्लो कासादो यांनी त्यांना उमेदवारी दिली तेव्हा मोठ्या प्रशासकीय पदाचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. मध्यममार्गी सिउदादानोस पक्षाशी आघाडी आणि अतिउजव्या व्हॉक्सचा बाहेरून पाठिंबा, या बळावर त्या सत्तेवर आल्या.

त्यांची आर्थिक भूमिका अगिरे यांच्याच परंपरेतील आहे : कर कमी, सरकारी हस्तक्षेप कमी. माद्रिद प्रांताने संपत्ती करात शंभर टक्के सवलत दिली होती. सांचेझ सरकारने २०२२ च्या अखेरीस बड्या संपत्तीवर देशव्यापी ‘ऐक्य कर’ लावून ती निष्प्रभ केली. त्याविरुद्ध माद्रिदने घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने कर वैध ठरविला. मात्र केंद्राशी झालेल्या प्रत्येक संघर्षातून अयुसो यांना राजकीय लाभच झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने माद्रिदवर आणीबाणीचे निर्बंध लादले, तेव्हाही धंदा बुडण्याच्या भीतीने ग्रासलेल्या व्यावसायिकाला त्या आपल्या वाटल्या.

पक्षांतर्गत संघर्षातही त्यांचीच सरशी झाली. प्रांताने मास्कखरेदीचे कंत्राट दिलेल्या कंपनीकडून अयुसो यांच्या भावाला पैसे मिळाल्याचा मुद्दा फेब्रुवारी २०२२ मध्ये कासादो यांनी उपस्थित केला. पक्ष मात्र कासादो यांच्यावरच उलटला आणि त्यांना अध्यक्षपद गमवावे लागले. पुढे सरकारी वकिलांनी हे प्रकरण बंद केले. ज्याने उमेदवारी दिली, त्याचीच कारकीर्द अशा रीतीने संपली. मे २०२३ मध्ये १३५ पैकी ७० जागा जिंकून अयुसो यांनी व्हॉक्सची गरजही संपविली.

या यशाची दुसरी बाजू वृद्धाश्रमांत आहे. स्पेनमध्ये रुग्णालये चालविण्याचा अधिकार प्रांतांकडे असतो. मार्च व एप्रिल २०२० मध्ये माद्रिदच्या आरोग्य खात्याने काढलेल्या सूचनांमध्ये, गंभीर परावलंबित्व असलेल्या वृद्धांना रुग्णालयात हलवू नये, असे निकष होते. प्रांताच्या मंत्रिमंडळातील सामाजिक धोरण विभागाचे प्रमुख आल्बेर्तो रेयेरो यांनी त्यास लेखी आक्षेप घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्या दोन महिन्यांत रुग्णालयाचे तोंड न पाहता वृद्धाश्रमातच मरण पावलेल्यांची संख्या ७,२९१ असल्याचे मृतांच्या कुटुंबीयांच्या संघटना सांगतात. अयुसो यांना हा आकडा मान्य नाही. गंभीर आजारी वृद्ध रुग्णालयात नेले असते तरी वाचले नसते, असा युक्तिवाद त्यांनी विधिमंडळात केला. २०२१ च्या निवडणुकीमुळे बरखास्त झालेली विधिमंडळाची चौकशी समिती पुन्हा नेमण्यास त्यांच्या पक्षाने व व्हॉक्सने नकार दिला.

मतदारांनी त्यांना दोनदा वाढत्या जागांसह निवडले, हे लोकशाहीत दुर्लक्षिता येणार नाही. तथापि बहुमत सत्तेचा अधिकार देते. त्या वृद्धांबाबतचा निर्णय कोणी व कोणत्या आधारावर घेतला, याचे उत्तर ते देत नाही. केंद्र प्रांताकडे आणि प्रांत केंद्राकडे बोट दाखवीत राहिल्याने हा प्रश्न पक्षीय वादातच अडकला. अयुसो यांच्या राजकारणाने देशातील उजव्यांना हमखास विजयाचा शब्द दिला. पण बार उघडा ठेवण्याइतकेच रुग्णालयाचे दार उघडे असणे हेही स्वातंत्र्य आहे, असे मानणाऱ्या कुटुंबांना त्या शब्दाचा हिशेब अद्याप मिळायचा आहे.